चार शब्दांनंतरचं ‘इत्यादी’

माझी नात म्हणते, “आजी, तू जे इंग्रजी वाचतेस ना, ते इंग्लंडातसुद्धा आता कुणी वाचत नाही.” खरं आहे तिचं. मला इंग्रजी सिनेमा धड कळत नाही, आणि तिच्या मैत्रिणी घरी आल्या की त्या काय बोलतात ते तर मुळीच कळत नाही. पण दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या गोऱ्या कारकुनानं लिहिलेला जमिनीचा कागद माझ्या पुढ्यात टाका, चष्मा पुसून मी लगेच कामाला लागते. चौतीस वर्षं मी हेच केलं. अंधेरीला कोर्टाच्या वाटेवरच्या एका इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत माझं टेबल होतं. बाहेरच्या पाटीवर ‘टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन’ हे लांबून वाचता येईल एवढं मोठं, आणि तळाला उरलेल्या जागेत ‘भाषांतर’. तो शेवटचा शब्द म्हणजे मी.

काम समजायला सोपं आहे. आमच्या उपनगरांत इमारती नव्या असल्या तरी जमिनी जुन्या आहेत. कुणाला घर पाडून टॉवर बांधायचा असतो, कुठे भावाभावांची वाटणी अडलेली असते, आणि मग कपाटातून एक पिवळा कागद निघतो. कागद इंग्रजी, मालक मराठी, आणि कचेरीतल्या साहेबांना फाइलला मराठी प्रत जोडलेली हवी. मग सगळे जिन्याखाली येतात. मी भाषांतर करायचे, आणि शेवटी एक ठरलेली ओळ लिहायचे: ‘सदर भाषांतर मूळ दस्तऐवजाचे खरे व शब्दशः भाषांतर आहे.’ तिच्याखाली सही आणि गोल शिक्का.

त्या ओळीतला ‘शब्दशः’ हा शब्द लिहायला फार सोपा आहे. इंग्रज वकिलाला एक गोष्ट एका शब्दात सांगणं पाप वाटत असावं. घर विकलं एवढं तो म्हणणार नाही. घर, घरामागचं आवार, विहिरी, तळी, वाटा, झाडं, झाडांखालची सावली सोडून सगळं एका दमात लिहिणार, मध्ये श्वास घ्यायला पूर्णविरामही देणार नाही. आणि त्यातले निम्मे शब्द त्याच्या काळीही जुने झालेले.

मला ते शब्द आवडू लागले, हे कबूल केलंच पाहिजे. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होईपर्यंत मी कोश उघडून बसायचे. माझे यजमान म्हणायचे, “गुप्तेबाई, आमटी जळली तर कुठल्या शब्दापायी जळली तेवढं सांगा.”

एक शब्द होता ‘मेस्विज’. घर आणि त्याच्याभोवतीची मोकळी जागा, एवढाच अर्थ. पण घाटकोपरचे एक निवृत्त बँकवाले देसाई होते. आजोबांच्या कागदात तो शब्द पाहून आपले आजोबा कुणी सरदार-दरकदार होते अशी त्यांची खात्री पटली होती. मी अर्थ सांगितला तेव्हा ते म्हणाले, “एवढंच?”

“एवढंच,” मी म्हटलं. “आणि काही कोशकार म्हणतात, हा शब्दच एका कारकुनाच्या चुकीतून जन्मला. जुन्या फ्रेंच शब्दातलं एक अक्षर त्यानं भलतंच वाचलं, आणि पुढच्यांनी ते तसंच उतरवलं.”

“ते कशाला सांगता!” देसाई चिडून म्हणाले. पुढे जुनं घर पाडून तिथे टॉवर झाला तेव्हा त्यांनी आपल्या फ्लॅटच्या दारावर पितळी अक्षरांत ‘द मेस्विज’ असं लावलं. पेढे द्यायला आले होते. ज्या शब्दात अंगण धरलेलं आहे तो शब्द आता नवव्या मजल्यावर राहतो.

दुसरा ‘ओअर्ट’. हा मला तीन कोशांत सापडला नाही. तेव्हा मी बिवलकर सरांच्या हाताखाली शिकत होते. माझ्या आधी त्या टेबलावर तेच बसत. ते म्हणाले, “अगं, तो इंग्रजी असेल तर सापडेल ना! पोर्तुगीज ‘होर्ता’ म्हणजे बाग. मुंबईच्या साहेबानं तो उचलला आणि नारळाच्या वाडीला लावला.” विलायतेत नारळ नाही, त्यामुळे तिथल्या माणसाला या शब्दाची गरजच पडली नसणार. आणि ‘बॅटी’ तर आपलाच. आपला ‘भात’ साहेबाच्या कागदात गेला आणि ‘बॅटी’ होऊन परत आला. आमच्या खोलीतल्या केतकीनं मागे एका तरुण वकिलाची गोष्ट सांगितली. त्यानं मोबाइलवर भाषांतर करून ‘बॅटी ग्राउंड’चं ‘वेडसर जमीन’ केलं आणि तसंच साहेबांपुढे ठेवलं. साहेब म्हणाले म्हणे, “जमीन शहाणी आहे हो, माणसांचं बघा.”

बिवलकर सरांनी मला ताळा घ्यायला शिकवलं. एकानं मूळ इंग्रजी मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं मराठीवर बोट ठेवून तपासत जायचं. त्यांचा आवाज खणखणीत होता, जिना चढणारी माणसं थांबून ऐकायची. त्यांच्याकडून मी जे काही शिकले त्याबद्दल मी जन्मभर त्यांची ऋणी आहे. पण त्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली. शब्दांची लांबलचक रांग आली आणि मधला एखादा शब्द अडला, की चार शब्दांचं नीट भाषांतर करायचं आणि पुढे ‘इत्यादी’ लिहायचं. “अगं, सगळ्यात तेच तेच असतं,” ते म्हणायचे. “कोण मोजायला बसलंय?” आमच्या धंद्यात सगळेच असं करायचे. त्याला चूक म्हणायची कुणाला सवयच नव्हती. मीही कधी म्हटलं नाही.

निवृत्त झाले तेव्हा वकील मंडळींनी शाल दिली. एकानं भाषणात सांगितलं, गुप्तेबाईंचं एकही भाषांतर कधी परत आलं नाही. मी घरी येऊन ते वाक्य चारजणांना ऐकवलं. पाचव्याला माझ्या यजमानांनी ऐकवलं.

पुढे तीन वर्षांनी, ऐन पावसाळ्यात, केतकीचा फोन आला. माझं टेबल आता तिच्याकडे आहे. मुलगी हुशार, तोंडानं फटकळ. म्हणाली, “मॅडम, एक कोळीणबाई आल्यात. तुम्हालाच भेटायचंय म्हणतात. मी बोलले मी करून देते, तर नाही. हलायलाच तयार नाहीत यार. येताय का?”

गेले. चांगुणाबाई साठीच्या असतील. बोरिवलीच्या बाजारात सुकी मासळी विकतात. चारकोपच्या पलीकडे खाडीकाठी त्यांचा कोळीवाडा आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. पिशवीतून त्यांनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले दोन कागद काढले. एक कोळीवाड्याच्या जुन्या इंग्रजी सनदेची नक्कल, दुसरं तिचं मराठी भाषांतर.

“बाय, यो कागूद तुमीच लिवलाव ना?”

सही माझी होती. तीस वर्षांपूर्वीची, तेव्हा मी नावातल्या ‘गु’च्या उकाराला उगाच लांब शेपूट काढायचे.

त्यांनी सांगितलं ते असं. कोळीवाड्याची हद्द आखण्याचं काम चाललं होतं. मोजणीवाले आले ते भर पावसाळ्यात. घरं मोजली, होड्या लावायची जागा मोजली. पण गावाच्या उत्तरेला एक मोठं मोकळं मैदान आहे. तिथे बांबूंच्या उंच चौकटी उभ्या करून बायका बोंबील वाळत घालतात. त्या चौकटींना वलांडी म्हणतात. पावसाळ्यात मासे वाळत नाहीत, म्हणून बायका वलांडी उतरवून ठेवतात. मोजणीवाल्यांना दिसलं गवत. नकाशावर त्यांनी लिहिलं ‘पडीक’, आणि तिथे वाहनतळ करायचं ठरलं.

“आमी बोललाव, कागूद बगा. सायबांनी कागूद बगला. बोलतंय, यात तुमचे मैदानाचा नावच नाय.” चांगुणाबाईंनी भाषांतर माझ्याकडे सरकवलं. “तिथं नाय सुकवली तं मासली कुठं सुकवायची, बाय? घरात? दोनशे बायकांची चूल त्या मैदानावर हाय.”

मी मराठी वाचलं. ‘…सदर गावची घरे, आवारे, नारळाच्या वाड्या, भातजमिनी इत्यादी.’

मग इंग्रजी वाचलं. घरं, आवारं, ओअर्ट, बॅटी ग्राउंड आणि त्यापुढे आणखी दोन शब्द. किडल्स. फ्लेक्स.

हे दोन शब्द तेव्हा मला अडले होते आणि मी सरांच्या शिकवणीप्रमाणे त्यांच्यावरून पुढे गेले होते, हे एका क्षणात कळलं. आणि मी काय बोलले? “बघते. कागद ठेवून जा.”

आठ दिवस मी कुणालाही काही सांगितलं नाही. कोश काढले. ‘किडल’ म्हणजे पाण्यात खुंट रोवून त्यांना जाळी बांधायची आणि भरती-ओहोटीबरोबर आलेले मासे पकडायचे, ती रचना. जुन्या फ्रेंचमधून आलेला शब्द. इंग्लंडात राजे-उमराव त्यावरून भांडत असत. ‘फ्लेक’ त्याहून जुना. युरोपच्या उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांचा. मूळ अर्थ काठ्या विणून केलेली ताटी, आणि कोळ्यांच्या संदर्भात, मासे वाळवायची काठ्यांची चौकट. आज इंग्लंडात कुणाला विचारलं तर तो न्याहारीच्या डब्याकडे बोट दाखवेल. शब्द मिळाले तेव्हा खरं तर मला नाचावंसं वाटायला हवं होतं. मी कोश मिटून देवघरापाशी जाऊन बसले.

मग केतकीला सांगितलं. ती म्हणाली, “एवढं काय टेन्शन घेताय? नवं भाषांतर मी करते, माझ्या सहीनं. जुन्याचं नावच काढू नका.”

“साहेब विचारतील, जुन्यात नाही आणि नव्यात कुठून आलं?”

“विचारू दे.”

“म्हणतील गावानं मागाहून घुसडलं. तिथे वाहनतळ हवा असणाऱ्यांना तेवढंच पुरेल. पहिलं भाषांतर चुकलं असं पहिल्या भाषांतरकारानंच सांगायला हवं.”

केतकी म्हणाली, “मॅडम, तुम्ही असं लिहून दिलंत तर तुमच्या जुन्या सगळ्या कामांवर लोक बोट ठेवतील. वाट लागेल.” तिला माझी काळजी होती, हे मला दिसत होतं. आणि मला माझी स्वतःची होती, हे लपवण्यात अर्थ नाही. ती शाल अजून कपाटात कडक घडीत होती.

दुसऱ्या दिवशी मी कोळीवाड्यात गेले. चांगुणाबाई दारात जाळं दुरुस्त करत बसल्या होत्या, आजूबाजूला चार बायका. मी उभ्याउभ्याच बोलले. बसले असते तर धीर झाला नसता. “चांगुणाबाई, तुमचं मैदान कागदात आहे. इंग्रजीत आहे. मराठीत मी ते गाळलं. मला शब्द आले नव्हते, आणि येत नाहीत हे लिहायची मला लाज वाटली.”

त्यांनी सुई थांबवली नाही. “ठाव हाय.”

“कसं?”

“तुमी त्या दिवशी कागूद वाचला नी तुमचा तोंड पांढरा परला. मना सही वाचता येते, बाय. आनि तोंड पन.” मग वर बघून म्हणाल्या, “बस गो. उबी काय राहिलीस? चा पी.”

त्या ‘बस गो’नं मला रडू आलं, आणि मी काही सहज रडणारी बाई नाही. चहा झाल्यावर मी कोशातला अर्थ मराठी करून वाचून दाखवला. काठ्यांची किंवा बांबूंची उंच चौकट, जिच्यावर मासे वाळत घालतात. एक तरुण बाई खो खो हसत सुटली. “एवरे जारे पुस्तकात यो लिवलाय? मना विचारला असता तं फुकट सांगितला असता!” सगळ्याच हसल्या. मीही हसले. तीस वर्षांपूर्वी मी बोरिवलीच्या बाजारात एक चक्कर मारली असती तरी काम भागलं असतं. आम्ही कायस्थ, सुकट-बोंबलाशिवाय आमचं घर चालत नाही. मासे मी दर आठवड्याला घ्यायचे. ते कशावर वाळतात, हे मात्र कधी विचारलं नाही.

गावानं नकाशावर हरकत घेतली, तिची सुनावणी दिवाळीनंतर कचेरीत झाली. साहेब तरुण होते, शांत बोलणारे. समोर वाहनतळाची योजना मांडणारे एक इंजिनियर. मी प्रतिज्ञापत्र दिलं, कोश पुढे ठेवला. ‘फ्लेक’ ऐकल्यावर इंजिनियर म्हणाले, “सर, फ्लेक्स आम्ही रोज सकाळी दुधात घालून खातो.” सगळे हसले. मी म्हटलं, “खा की. पण या कागदाच्या काळात ते डब्यात मिळत नव्हते.” मग सगळं सांगितलं, दर्यावर्द्यांपासून बोंबलांपर्यंत. चांगुणाबाईंनी साहेबांचं पेन मागून घेतलं आणि नकाशाच्या मागच्या बाजूला वलांडी काढून दाखवली, आडवे बांबू, उभे बांबू, मध्ये दोरी. कोशात बारीक चित्र होतं. साहेबांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिली.

मग ते माझ्याकडे वळले. “बाई, हे तुम्ही तेव्हा का लिहिलं नाहीत?”

“शब्द सापडले नाहीत, म्हणून ‘इत्यादी’ लिहिलं.”

“आणि खाली ‘शब्दशः’ म्हणून सही केलीत?”

“केली.”

“अशी अजून किती असतील?”

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. इतक्या महिन्यांत मी स्वतःलाही तो विचारला नव्हता. खोलीत माझ्या ओळखीचे दोन वकील बसले होते, शाल देणाऱ्यांपैकीच. मी म्हटलं, “माहीत नाही, साहेब.” साहेबांनी ते लिहून घेतलं.

हिवाळ्यात पुन्हा मोजणी झाली. मोजणीवाले आले तेव्हा मैदान बोंबलांनी भरलेलं. ते म्हणाले, जरा बाजूला घ्या, फीत सरळ जात नाही. चांगुणाबाई म्हणाल्या, “मोजा की मासलीसकट.” त्यांनी नाकाला रुमाल लावून मोजलं. मैदान आता नकाशावर आहे, ‘मासळी सुकवण्याची जागा’ म्हणून, हद्दीच्या आत. त्या दिवशी बायकांनी मला गाडीत बसवून बोंबलांची जी पिशवी दिली तिचा वास आमच्या मुलुंडच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. वर एक जैन कुटुंब आहे, त्यांची मी रीतसर माफी मागितली. त्या दोन वकिलांपैकी एक आता मला पाहिलं की मोबाइलमध्ये डोकं घालतो. दुसरा मात्र परवा स्वतःचा एक जुना कागद घेऊन आला. म्हणाला, “बाई, हा एकदा बघाल का? नीट?”

साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं, म्हणून मी माळ्यावरच्या सगळ्या कार्बन प्रती, मूळ इंग्रजीच्या झेरॉक्ससकट, खाली काढल्या. यजमानांचं आता वय झालंय, पण दुपारी ते समोर बसून इंग्रजी वाचतात आणि मी मराठीवर बोट ठेवते. त्यांचा उच्चार भयंकर आहे. जिथे माझं बोट ‘इत्यादी’वर येतं तिथे आम्ही थांबतो आणि मागचा-पुढचा प्रत्येक शब्द शोधतो. बहुतेक ठिकाणी खरंच काही सुटलेलं नसतं. सर अगदीच चुकीचे नव्हते.

गेल्या आठवड्यात मुलुंडचाच एक कागद निघाला, डोंगराच्या पायथ्याचा. त्यात मी ‘ड्रिफ्टवे’ गाळला होता. गुरं हाकत न्यायची वाट. मूळ हाकण्याच्याच क्रियापदातलं. ज्याचं काम होतं त्याच्या मुलाचा नंबर शोधला, फोन लावला.

“तुमच्या वडिलांच्या कागदाचं भाषांतर मी केलं होतं. त्यात माझी एक चूक आहे. गुरांच्या वाटेचा हक्क त्यात लिहायचा राहिलाय.”

तो माणूस म्हणाला, “बाई, गुरं कधीच गेली. पण आमच्या चाळीतली माणसं अजून त्याच वाटेनं जातात. शेजारचे भिंत घालतायत. आत्ता, खड्डे खणायला आलेत. तुम्ही कुठे असता?”

मी कागद पिशवीत घातला आणि चपला शोधायला लागले.